चार अंगणांची इमारत

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या अँडोव्हर गावात जंक्शन रोडवर एक जुनी इमारत आहे. आज तिथे लोक आपापला संसार करून राहतात. १८३६ साली ती उभी राहिली, तेव्हा मात्र तिच्या उंबरठ्यावरच संसार मोडत. गरिबांसाठी बांधलेले हे वर्कहाउस.

गरिबांच्या मदतीविषयीच्या १८३४च्या कायद्याचे धोरण असे, की धडधाकट गरिबाला घरबसल्या मदत द्यायची नाही. हवी असेल तर त्याने बायकापोरांसह वर्कहाउसमध्ये यावे. आतले जगणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही खडतर ठेवायचे, म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी दार ठोठावणार नाही. हा हिशेब नकाशात उतरवला सॅम्पसन केम्पथॉर्न या वास्तुरचनाकाराने. सुमारे ३०० माणसांसाठीच्या त्याच्या नमुना आराखड्यात क्रूसासारखे चार बाहू, भोवती इमारतींचा चौकोन आणि मध्ये सुटलेली चार अंगणे. पुरुष, बायका, मुलगे, मुली, सगळ्यांची ताटातूट. क्रूसाच्या मध्यावर व्यवस्थापकाच्या खोल्या. तिथल्या खिडक्यांतून चारही अंगणांवर नजर. अँडोव्हरची इमारत याच आराखड्यावर बेतलेली.

इथल्या पुरुषांना खतासाठी हाडे कुटावी लागत. भूक अशी, की कुजक्या हाडांना चिकटलेले मांस आणि नळीतली मज्जा ते चोखून खात. १८४५ साली हे उघडकीस आले, संसदेत गाजले, चौकशी समिती बसली. १८४७मध्ये वर्कहाउसांचा कारभार पाहणारा आयोगच बरखास्त झाला.

या कायद्याखाली बांधलेले पहिले वर्कहाउस ॲबिंग्डनचे. ते १९३२ साली पाडले. अँडोव्हरची इमारत पुढे कॉलेजच्या कामी आली, मग तिथे घरे झाली. वापरात राहिली म्हणून टिकली. म्हणूनच अशा वास्तूत घरे होणे मला मनापासून पटते. फक्त क्रूस आणि अंगणे ओळखू यायला हवीत. इथला जाच कुठल्या अंधारकोठडीत नव्हता, तो नकाशातच होता. नकाशा पुसला, की पुरावाही गेला.

आपले मूल भिंतीपलीकडच्या अंगणात आहे हे इथल्या आईला ठाऊक असे, पण त्याला भेटायला परवानगी लागे. आज इथे राहणाऱ्यांनी एवढे तरी आपल्या मुलांना सांगावे.