एमएमएमध्येही संघ? पाच गडी, तीन विजय अन् महिन्याचा पगार; काय होती अमेरिकेची ‘आयएफएल’, समजून घ्या

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव एकत्र असलेली झुंज. त्यात दोघंच लढतात, जिंकला तो जिंकला. पण २००६ साली अमेरिकेत इंटरनॅशनल फाईट लीग, म्हणजेच आयएफएल सुरू झाली आणि तिथं चक्क संघ उतरवले गेले.

पद्धत सोपी. एका संघात पाच गडी, पाच वेगवेगळ्या वजनगटांतले. सर्वात हलका गट साधारण ७० किलोचा, सर्वात जड १२० किलोपर्यंत. दोन संघ समोरासमोर आले की पाच लढती व्हायच्या. ज्यांनी तीन मारल्या, तो संघ विजयी. म्हणजे तुमचा हेवीवेट कितीही दांडगा असो, बाकीचे चौघे ढिले असले तर उपयोग शून्य! लढती पिंजऱ्यात नव्हे, दोऱ्यांच्या रिंगमध्ये व्हायच्या. फेरी चार मिनिटांची, अशा तीन. कोपर मारायला बंदी होती.

प्रशिक्षक मात्र नावाजलेले. २००६ चं विजेतेपद पॅट मिलेटिच यांच्या क्वाड सिटी सिल्व्हरबॅक्सनं नेलं. मिलेटिच आयोवा राज्यातले, आणि आयोवा म्हणजे अमेरिकेतला कुस्तीचा बालेकिल्ला. आपल्याकडं कोल्हापूर तसं. २००७ मध्ये बारा संघ होते. त्या वर्षी रेंझो ग्रेसी यांचे न्यूयॉर्क पिटबुल्स जिंकले.

पण खरी गोष्ट पगाराची. एरवी या खेळात लढलात तरच पैसे. हात मोडला की घरी बसा, औषधपाणी स्वतःचं बघा. आयएफएलनं खेळाडूंना ठरलेला पगार आणि आरोग्य विमा दिला. जत्रेतल्या इनामावर खुराक भागवणाऱ्या पैलवानाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग बंद का पडली? खर्च आभाळाएवढा, तिकीटविक्री आणि टीव्हीची कमाई तोकडी. कंपनीला कोट्यवधी डॉलरचा तोटा झाला. संघांना शहरांची नावं होती, पण सामने बहुधा दुसऱ्याच शहरात. मग ‘आपला संघ’ म्हणून गर्दी करणार कोण? २००७ च्या अखेरीस वैयक्तिक पट्ट्यांच्या लढतीही घेऊन पाहिल्या. जमलं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पगार, विमा दोन्ही गेलं.

आपल्याकडंही २०१७ मध्ये सुपर फाईट लीगनं संघांचा हंगाम घेतला होता. त्यात मुंबई आणि गोव्याच्या नावाचे संघ होते.