भेकराची सात गुणसूत्रं

लोणावळ्याजवळच्या राजमाचीच्या रानात संध्याकाळी कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला, तर ते भेकर असू शकतं. मावळातलं हे लाजरं, एकांडं हरीण जनुकशास्त्रात जगप्रसिद्ध आहे. लोणावळ्याच्या प्रत्येक भटक्याला हे ठाऊक असायलाच हवं!

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. भेकराच्या मादीत फक्त ६, नरात ७. वुर्स्टर आणि बेनिर्श्के या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हे जाहीर केलं. चिनी भेकर या जवळच्या जातीची मात्र ४६च. आपल्या भेकराच्या पूर्वजांत गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली, आणि लिंग ठरवणारं एक्स थेट तिसऱ्या गुणसूत्राला कायमचं चिकटलं. नरात त्या जोडगुणसूत्रासोबत एक सुटं तिसरं आणि एक इवलंसं वाय असतं. म्हणून मादीपेक्षा एक जास्त, सात.

ही मोजकी गुणसूत्रं किरणांच्या अभ्यासातही उपयोगी पडतात. क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडवता येतात, हे जनुकशास्त्रज्ञ मुलरने १९२७ मध्ये फळमाश्यांवर दाखवलं. नर फळमाशीत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल सहसा होतच नाही, पण किरणांच्या माऱ्याने एक्स आणि वायचे तुकडेही आपसात बदलतात. असे तुटलेले, भलतीकडे जोडले गेलेले तुकडे हुडकायला भेकराच्या पेशी फार सोयीच्या. सूक्ष्मदर्शकाखाली मोजकी, लांबलचक गुणसूत्रं, प्रत्येक नुसत्या आकारावरून ओळखू येणारं. एक्स जिथे चिकटलंय तिथे तर लांब, बारीक मानच दिसते. भगिनी-धाग्यांमधली, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींमधली अदलाबदल त्या मानेत कमी, पण मान संपते त्या सांध्यावर जास्त होते, हे याच पेशींनी दाखवलं.