इंजिनिअरिंग प्रवेश : ‘सीट बुक करा’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी कॅप समजून घ्या

तळेगाव दाभाडे : बारावीची परीक्षा संपली की मावळातल्या घराघरांत एकच प्रश्न असतो, पुढे काय? तळेगावात इंजिनिअरिंगचं शिक्षण आहे आणि चाकण, तळेगावची एमआयडीसी शेजारीच आहे. त्यामुळे आंदर मावळ, पवन मावळ, नाणे मावळातल्या मुलामुलींचा ओढा इंजिनिअरिंगकडे जास्त. याच दिवसांत पालकांच्या मोबाईलवर फोन सुरू होतात. ‘आत्ताच सीट बुक करा, नंतर मिळणार नाही.’ घाबरून पैसे भरण्याआधी प्रवेश नेमका कसा होतो ते माहीत हवं.

कॅप म्हणजे काय?

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. ती राज्याचा सीईटी कक्ष ऑनलाइन राबवतो. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजातल्या साधारण ८० टक्के जागा कॅपमधून भरतात. उरलेल्या २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरतात. यालाच लोक ‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणतात. तिथेही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी हे सगळं व्हावं लागतं.

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ८८ पर्सेंटाइल म्हणजे ८८ टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरातले ८८ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय बारावीला ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात.

पसंतीक्रम कसा लावायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. संगणक गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्याचा फॉर्म घेतो. आधी पहिली पसंती बघतो. तिथे जागा नसेल तर दुसरी, मग तिसरी. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही. म्हणून मनापासून हवं असलेलं कॉलेज वर टाकायला घाबरू नये.

समजा, कामशेतच्या एका मुलीला ८८ पर्सेंटाइल आहेत. तिला पुण्यातलं एक कॉलेज हवंय, पण ‘उगाच रिस्क नको’ म्हणून कोणीतरी तिला नक्की मिळेल असं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकायला लावलं. पहिल्याच फेरीत ते मिळालं, आणि तिथेच तिची गाडी थांबली.

याचं कारण ‘ऑटो फ्रीझ’. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तरी पक्की. अशी जागा मिळाल्यावर पुढच्या कॅप फेरीत भाग घेता येत नाही. यंदाचे नियम यंदाच्या माहिती पुस्तिकेतच बघावेत. ती सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर फुकट मिळते. मागच्या वर्षीचे कटऑफही तिथेच असतात.

मुलींच्या फीचा मोठा मुद्दा

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. पण मोठी अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. कॉलेजच्या नावापुढे ‘विद्यापीठ’ असेल तर आधी विचारून घ्या.

म्हणजे घाईत ‘बुक’ केलेली एक सीट चार वर्षांच्या फीचा बोजा घरावर टाकू शकते. कॅपमधून प्रवेश झाला तरी सवलतीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावाच लागतो. विकास शुल्कासारखे इतर खर्च वेगळे असतात, तेही धरून चाला.

कागदपत्रं आत्ताच काढा

• उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र : मावळकरांना वडगावच्या तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रामार्फत.
• नॉन क्रीमीलेअर : मुदत तपासा. जुना दाखला चालेलच असं नाही.
• ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र : चालू वर्षाचं हवं.
• जात वैधता प्रमाणपत्र : याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा.

दाखला वेळेत नसेल तर राखीव प्रवर्गातला विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जाऊ शकतो.

सल्ला घ्या, पण पासवर्ड देऊ नका

सल्ला घेणं चूक नाही. चांगला समुपदेशक मुलाला काय आवडतं ते विचारतो, मागचे कटऑफ समोर ठेवतो, येण्याजाण्याचा खर्च मोजायला लावतो आणि फॉर्म मुलालाच भरू देतो. ‘कॅपमधली सीट मी मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कॅपची जागा गुणवत्तेवर ठरते, ओळखीवर नाही.

फॉर्मवर मोबाईल नंबर घरचाच टाका. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही सांगू नका. दुसऱ्याच्या हातात लॉगिन गेलं तर पसंतीक्रमही त्याच्याच हातात जातो.

कोणी ठरलेल्या फीशिवाय ‘डोनेशन’ मागितलं तर महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी घेण्यास कायद्यानं बंदी आहे, हे लक्षात ठेवा. व्यावसायिक कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर दिसते. पावती नसेल तर पैसे देऊ नका.

फॉर्म पक्का करण्याआधी एक दिवस यादी घरात ठेवा. आई-वडील आणि मुलानं मिळून एकेक नाव वाचावं आणि स्वतःला विचारावं, ‘हे मिळालं आणि याच्या खालचं काहीच मिळालं नाही, तर चालेल का?’ चालणार नसेल तर क्रम बदला. एकदा फेरी लागली की त्या फेरीसाठी तो बदलता येत नाही.