विश्लेषण : जिवाणूच्या नावावरून कळतो प्रतिकारशक्तीतील जन्मजात दोष?

लहान मुलाला वर्षातून पाच-सहा वेळा सर्दी-खोकला झाला, तरी त्यात बहुतेकदा चिंतेचे कारण नसते. मात्र यकृतात पू झाला किंवा ‘सेरेशिया’, ‘बर्खोल्डेरिया’ अशा क्वचित आढळणाऱ्या जिवाणूंचा गंभीर संसर्ग एकदाच झाला, तरी डॉक्टर सावध होतात. असे का?

जिवाणूवरून काय कळते?
न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणूंना गिळतात आणि ऑक्सिजनपासून बनवलेल्या घातक रेणूंच्या मदतीने मारतात. ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ म्हणजेच सीजीडी या आनुवंशिक आजारात पेशी जिवाणू गिळतात, पण हे रेणू बनवू शकत नाहीत. त्यामुळे वरील जिवाणू आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी यांचे फावते. न्यूमोकॉकसमुळे वारंवार न्यूमोनिया झाल्यास प्रतिपिंडे कमी असल्याचा संशय येतो. म्हणूनच पुवाचा नमुना शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी कल्चरसाठी पाठवणे महत्त्वाचे.

बीसीजी लशीचा संबंध काय?
भारतात बाळाला जन्मानंतर लगेच बीसीजी देतात. या लशीत दुबळे केलेले, पण जिवंत जिवाणू असतात. लशीच्या जागी फोड येऊन व्रण राहणे सामान्य आहे. प्रतिकारशक्तीत गंभीर दोष असलेल्या बाळात मात्र हेच जिवाणू काखेतील गाठींपासून यकृत, हाडांपर्यंत पसरू शकतात. आधीच्या भावंडाला असा आजार झाला असेल किंवा ते तान्हेपणी संसर्गाने दगावले असेल, तर नव्या बाळाला बीसीजी देण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. इतर बाळांची लस मात्र टाळू नये.

निदान कसे होते?
सीजीडीसाठी थोड्याशा रक्तावर ‘डीएचआर’ चाचणी करतात. निरोगी न्यूट्रोफिल त्यात चमकतात, सदोष पेशी चमकत नाहीत. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत अशा आजारांवर काम चालते.

उपचार काय?
संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल आणि बुरशीविरोधी इट्राकोनाझोल रोज द्यावे लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. सदोष जनुक ओळखता आले, तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते. सीजीडीच्या एका प्रमुख प्रकारात सदोष जनुक आईकडून मुलाकडे येते, पण तिला स्वतःला बहुधा त्रास नसतो. त्याचे खापर तिच्यावर फोडण्यापेक्षा कुटुंबातील जुन्या आजारांची माहिती डॉक्टरांना मोकळेपणाने दिली, तर पुढचे बाळ वाचू शकते.