पालकसभेला जाताय? मग एक काम मागून घ्या

पालकसभेचा मेसेज आला की घरात पहिला प्रश्न असतो, 'कोण जाणार?' आणि दुसरा, 'किती वेळ लागेल?' बहुतेक घरांत आईच जाते. मुलांच्या बाकावर दाटीवाटीनं बसायचं, 'घरी अभ्यास घेत जा, मोबाईल कमी द्या' हे ऐकून मान डोलवायची, सही करायची आणि परतायचं. पुढची सभा थेट चाचणी परीक्षेनंतर.

यात समाधान कुणाचंच होत नाही. शिक्षक म्हणतात, 'पालक लक्ष देत नाहीत.' पालक म्हणतात, 'शाळेत काही शिकवत नाहीत.' मूल मात्र दोघांच्या मध्ये उभं असतं, दोन्हीकडून बोलणी खात.

पालकांनी शाळेच्या कामात भाग घ्यावा, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण भाग घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. सगळी गाडी तिथेच अडते.

कायद्यानं बहुमत पालकांचं

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांमुळे तो सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 21 मध्ये पालकांसाठी फार मोठी गोष्ट लिहिलेली आहे.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावेत. निम्म्या सदस्य महिला असाव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी. केंद्राच्या नमुना नियमांनुसार समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो आणि बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी.

या समितीचं काम चहा-बिस्किटांपुरतं नाही. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि मिळालेलं अनुदान कुठे खर्च झालं हे पाहणं, ही तिची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. दुपारच्या आहाराचा दर्जा आणि स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता पाहण्याची जबाबदारीही तिच्यावरच आहे.

म्हणजे कागदावर तरी शाळेत पालकांचं बहुमत आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत या समितीचा अध्यक्ष कोण, हे तुम्हाला माहीत आहे का?

नुसती माहिती देऊन भागत नाही

माहीत नसेल, तर तुम्ही एकटे नाही. हा कायदा येण्याआधी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्यातले संशोधक होते आणि 'प्रथम' ही संस्था गावांत प्रत्यक्ष काम करत होती. तिथेही प्रत्येक गावात शिक्षण समिती असायला हवी होती. पण बहुतेक पालकांना अशी काही समिती असते हेच माहीत नव्हतं. काही जण तर समितीचे सदस्य होते आणि त्यांनाही त्याचा पत्ता नव्हता!

मग काही गावांत सभा घेऊन लोकांना त्यांचे हक्क समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांना वाचता येतं का, हे गावकऱ्यांनाच तपासायला शिकवलं. आणखी काही गावांत एक पाऊल पुढे जाऊन स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत दाखवली आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवले.

पहिल्या दोन प्रकारांत शाळेत काहीच हललं नाही. लोक सभेला आले, बोलले आणि घरी गेले. तिसऱ्या प्रकारात मात्र फरक पडला. वाचनवर्गांना गावातली थोडीच मुलं आली, पण जी आली त्यांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं. ज्यांना एक अक्षरही ओळखता येत नव्हतं, अशी मुलं अक्षरं ओळखू लागली.

या अभ्यासातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. 'तुमचा हक्क आहे, लक्ष घाला' असं सांगितल्यानं माणसं कामाला लागत नाहीत. हातात एक ठरावीक काम दिलं आणि ते कसं करायचं हे दाखवलं, की लागतात. मग ते काम शाळा देईपर्यंत वाट कशाला पाहायची? आपणच मागून घेऊ या.

कोणती कामं मागता येतील?

खिचडीची चव. मुलांना आहार वाढण्याआधी मोठ्यांनी तो चाखून पाहायचा असतो. पाच आयांनी आठवड्यातला एकेक वार वाटून घेतला, तर प्रत्येकीचा अर्धा तास जाईल. डाळ पातळ आहे की दाट, तांदूळ नीट निवडलेला आहे की नाही, हे पाहायला कुठलीही पदवी लागत नाही.

वाचनाचा तास. शनिवारी एक तास, सात-आठ मुलं आणि गोष्टींची चार पुस्तकं. हे काम निवृत्त आजी-आजोबा फार छान करू शकतात. कॉलेजात शिकणारी ताई किंवा दादाही करू शकतो.

आपला धंदा वर्गात. गवंडी काका वर्गाची फरशी मोजायला शिकवू शकतात, त्यातच क्षेत्रफळ आलं. टेलरकाम करणारी आई टेप घेऊन आली की इंच आणि सेंटिमीटर दोन्ही समजतात. शेतकरी बाबांनी बियाणं आणि खताचा हिशेब मांडला, तर तीही गणितंच.

गैरहजर मुलाचं घर. एखादं मूल आठवडाभर आलं नाही, तर शिक्षकांच्या आधी शेजाऱ्यांना कारण माहीत असतं. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत तर हा फार मोठा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास आई-वडील कारखान्याच्या भागात जातात आणि मुलंही सोबत गेली की शाळा सुटते. अशा मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. कोणती मुलं जाणार, आजी-आजोबांकडे कोण राहू शकेल, कुणाच्या जेवणाची सोय करावी लागेल, याची यादी गावातल्या पालकांइतकी अचूक कोण करणार? ती वेळेवर झाली नाही, तर काही मुलांचं अख्खं वर्ष वाया जातं.

आराखडा वाचणं. शाळेचा विकास आराखडा एकदा तरी मागून वाचा. मुलींचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, पावसाळ्यात गळणारा वर्ग, यातलं त्यात काय आहे आणि काय राहिलं, हे पाहा. जे राहिलं असेल, ते पुढच्या बैठकीत लेखी द्या.

'मला इंग्रजी येत नाही'

कामांची ही यादी वाचून अनेक आया मनात म्हणतील, 'माझंच शिक्षण कमी, मी काय करणार?' मूल इंग्रजी माध्यमात असलं की हा संकोच आणखी वाढतो. सभेत प्रश्न मनात येतो, पण तोंडातून बाहेर पडत नाही.

बिहार आणि राजस्थानातल्या आयांवर झालेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही आयांना साक्षरता वर्गात शिकवलं. काहींना घरी जाऊन फक्त एवढंच दाखवलं, की मुलाची वही कशी पाहायची, आज काय शिकलास हे कसं विचारायचं, घरातल्या वस्तूंतून काय करून घ्यायचं. काहींना दोन्ही मिळालं. मुलांच्या गणितात थोडी सुधारणा दिसली. चमत्कार झाला नाही, पण आयांचं स्वतःचं शिक्षणही पुढे सरकलं आणि मुलांच्या अभ्यासातला त्यांचा सहभाग वाढला.

महाराष्ट्रात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 2022 पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. त्यात वस्तीतल्या आयांचे माता गट केले जातात आणि सोप्या कृतींची कार्डं दिली जातात. वस्तू मोजणं, रंगांप्रमाणे वेगळ्या करणं, गोष्ट सांगणं, अशा या कृती. साहित्य सगळं घरातलंच. मटार सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले, हे मोजायला आईनं दहावी पास असायला लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे विशेष उपयोगी आहे. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या शाळेत शिकवण्याची भाषा वेगळी आणि घरात मराठी. अशा घरांत रोज संध्याकाळी मुलाला एकच गोष्ट विचारा, 'आज शाळेत जे शिकलास, ते मला मराठीत समजावून सांग.' बाष्पीभवन म्हणजे काय हे त्याला आजीला समजेल असं सांगता आलं, तर तो धडा त्याला कळला. अडखळला, तर कुठे अडखळला ते शिक्षकांना कळवता येतं. शिवाय मराठीही जिवंत राहते.

खासगी शाळेत असाल तर

विनाअनुदानित खासगी शाळांना शाळा व्यवस्थापन समितीचं कलम लागू नाही. पण महाराष्ट्रात शुल्क नियंत्रणाच्या 2011 च्या कायद्यानं पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सदस्य असतात. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवड होते. फीवाढीचा प्रस्ताव व्यवस्थापनाला या समितीपुढे ठेवावा लागतो.

फी वाढली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात. पण वर्षाच्या सुरुवातीला समितीसाठी नावं मागवली जातात, तेव्हा ग्रुप शांत असतो. आपलं नाव द्यायची वेळ तीच असते. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या शाळेत कोणती समिती आहे हे शाळेच्या कार्यालयात विचारून घ्या.

शाळेनंही दोन पावलं पुढे यावं

सगळा भार पालकांवर टाकून चालणार नाही. सकाळी अकराला सभा ठेवली, तर रोजंदारीवर जाणाऱ्या बापाचा त्या दिवसाचा पगार बुडतो. मग तो आला नाही, तर त्याला 'बेफिकीर' म्हणणं बरोबर नाही. दिल्लीत 30 जुलै 2016 रोजी सगळ्या सरकारी शाळांत एकाच दिवशी मोठी पालकसभा झाली. तो शनिवार होता. वार आणि वेळ पालकांना विचारून ठरवली, तर निम्मी अडचण तिथेच सुटते.

दुसरं, तक्रार असेल तेव्हाच घरी फोन करायचा, ही सवय शाळांनी सोडायला हवी. 'आज तुमच्या मुलीनं वर्गात छान प्रश्न विचारला' एवढा निरोप गेला, तरी पुढच्या सभेला ते पालक मोकळेपणानं येतील.

आणि सहभागाच्या नावाखाली शिक्षकांची रिकामी पदं पालकांनी भरून काढावीत, किंवा सरकारचा खर्च वर्गणीतून व्हावा, असंही होता कामा नये. गावानं शाळेला हातभार लावण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि पैशांवर उभी राहिली. पण आज शिक्षण हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. शिक्षक, इमारत आणि पुस्तकं देणं हे सरकारचं काम. ती वेळेवर मिळतात की नाही हे पाहणं आणि नसतील तर एकत्र येऊन मागणं, हे पालकांचं काम.

पुढच्या सभेला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. समितीत कोण कोण आहे? मागच्या बैठकीत काय ठरलं आणि त्यातलं काय झालं? आणि मी महिन्यातून दोन तास देऊ शकते, कोणतं काम करू? शाळेकडे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर वरच्या यादीतलं एक काम तुम्हीच सुचवा आणि शेजारच्या बाकावरच्या पालकांनाही सोबत घ्या.