दान पडल्यावर मूल काय करते?

चौथीच्या वर्गात मी टॅब बाहेर काढले की शेजारच्या वर्गाचे दार लोटले जाई, इतका गलका होत असे. लोकसहभागातून शाळेला दहा टॅब मिळाले होते आणि त्यांवर गणिताचा एक खेळ होता. पडद्यावर उदाहरण येई, खाली चार उत्तरे. बरोबर उत्तराला बोट लावले की ते हिरवे होई, घंटी वाजे आणि एक चांदणी मिळे. चूक झाली तर तो पर्याय नाहीसा होई आणि पुन्हा प्रयत्न करता येई. तासाच्या शेवटी मी चांदण्या मोजून फळ्यावर नावे लिहीत असे. एरवी गणिताच्या तासाला ज्यांचे पोट दुखे, ती मुलेही टॅबच्या दिवशी हटकून हजर असत. मला वाटले, जमले.

त्या यादीत एक मुलगी नेहमी वर असे. चाचणीच्या वेळी तिच्या वहीत मी एक वजाबाकी पाहिली. ४३ वजा ३८, उत्तर १५. चारातून तीन गेले, एक. आठातून तीन गेले, पाच. लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली, असा तिने आपला नियम करून टाकला होता. अशीच हातच्याची उदाहरणे पडद्यावर तिने डझनांनी सोडवली होती. मी तिला जवळ बसवले, टॅब दिला आणि नुसती पाहत राहिले. तिने उदाहरण वाचलेच नाही. एक पर्याय दाबला, तो गेला. दुसरा दाबला, तोही गेला. तिसरा हिरवा झाला. चांदणी मिळाली.

तिने कोणाला फसवले नव्हते. तो खेळ ज्या गोष्टीला बक्षीस देत होता, ती गोष्ट ती उत्तम करीत होती. चूक माझी होती. इतके महिने मी मुलांच्या बोटांकडे न पाहता चांदण्या मोजल्या होत्या. त्या दिवसापासून मी एक प्रश्न धरून बसले: खेळताना नेमक्या त्या क्षणी मुलाच्या डोक्याला काय करावे लागते? या विषयावर जे संशोधन मला वाचायला मिळाले, ते या प्रश्नाच्या उजेडात मांडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्र कोठे उपयोगी पडले, कोठे नाही

सुरुवात बडोद्यापासून करू. २००० साली गुजरात सरकारने तेथील महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांच्या हाती ते फारसे येत नसल्याचे आढळले. मग ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम आखला. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास. एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळेआधी किंवा नंतर. संगणकावर गणिताचे खेळ होते आणि मूल जसजसे जमवील तसतशी उदाहरणे अवघड होत जात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाची परीक्षा केली. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले होते. ही संशोधकांची भाषा. साध्या शब्दांत सांगायचे तर, शंभर मुलांत जे मूल मधोमध, पन्नासाव्या जागी असते, ते साधारण अडुसष्टाव्या जागी जाऊन बसावे इतकी ही वाढ होती. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा फरक क्वचित दिसतो. पण त्याच निबंधातली पुढची ओळ आपण सहसा सांगत नाही. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर ही वाढ ओसरून सुमारे ०.१० वर आली होती.

गुजरातमध्येच ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत ली लिंडन यांनी दुसरा प्रश्न विचारला. संगणक शिक्षकाच्या तासाऐवजी द्यावा की तासाशिवाय जादा द्यावा? शाळा सुटल्यावर जादा दिला तेव्हा मुलांचा फायदा झाला. शिकवण्याचा वेळ काढून त्या जागी दिला तेव्हा मुले न मिळालेल्यांपेक्षाही मागे पडली. यंत्रापेक्षा ते कोणाची जागा घेते, यावर सारे ठरले.

पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना फार मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली आले. संगणकाचा वापर भरपूर वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. याउलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या संगणकीय कार्यक्रमाची शाळेबाहेरची केंद्रे होती, त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज दीड तास. त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा लहान गटात एका ताईबरोबर किंवा दादाबरोबर. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ झाली. कारण समजून घेण्यासारखे आहे. ही माध्यमिक वयाची मुले आपल्या इयत्तेच्या मानाने कित्येक वर्षे मागे होती. वर्गात सातवीचे पुस्तक चालू असताना ज्याला चौथीचे गणित येत नाही, त्याला तो तास परक्या भाषेतल्या प्रवचनासारखा असतो. संगणकाने प्रत्येक मूल कोठे उभे आहे ते शोधले आणि तेथून पुढचे दिले. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे करणे जड जाते. तंत्रज्ञानाची खरी ताकद मला येथे दिसते, चांदण्या आणि घंटीत नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण परितेवाडीचे. सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा झाली. त्याआधीची पायरी मात्र मागे राहिली. पुस्तके मुलींच्या घरच्या भाषेत नाहीत, हे पाहून त्यांनी आधी कन्नड शिकून घेतली आणि मजकूर त्या भाषेत आणला. कोड नंतर आला. मूल कोठे अडले आहे हे आधी पाहिले म्हणून यंत्र कामाला आले.

सापशिडीतले गणित

आता खेळाकडे येऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला खडे, बिया, पाने, शिंपले यांतून शिक्षणाची साधने उभी केली. खेळातून शिकणे आपल्याला नवे नाही. पण कोणत्याही खेळातून काहीही शिकता येते, असे नाही.

अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर आणि गीता रामाणी यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका सरळ पट्टीवर दहा घरे. एका गटाच्या घरांत १ ते १० आकडे, दुसऱ्या गटाच्या घरांत नुसते रंग. चकती फिरवायची आणि सोंगटी पुढे न्यायची. नेताना घरातला आकडा किंवा रंग मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. रंगांच्या पट्टीवर मजा होती, वेळही तितकाच गेला. संख्यांच्या बाबतीत मात्र काही बदलले नाही. हा निबंध २००८ सालचा. कारण असे सांगतात: आकडा जितका मोठा, तितक्या जास्त उड्या, तितके लांबचे अंतर, तितका जास्त वेळ. ‘आठ हे तीनपेक्षा मोठे’ ही गोष्ट मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि जिभेला एकाच वेळी कळते.

पुढे एलिडा लॅस्की आणि सिग्लर यांनी शंभरापर्यंतच्या पटावर आणखी बारीक गोष्ट तपासली. सोंगटी २४ वर आहे आणि दान तीनचे पडले. एक मूल ‘एक, दोन, तीन’ म्हणत पुढे जाते. दुसरे ‘पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ म्हणते. पट तोच, फासा तोच, हसणे-रुसणेही तेच. पण फायदा प्रामुख्याने दुसऱ्या पद्धतीने खेळणाऱ्यांना झाला. पहिल्या मुलाला सोंगटी कोठे आहे याचा विचारच करावा लागत नाही.

मी माझ्या वर्गातली सापशिडी आठवून पाहिली. सगळी मुले ‘एक, दोन, तीन’च म्हणत होती. आपण सगळे तसेच खेळत मोठे झालो.

मराठी मुलासाठी ही बाब आणखी महत्त्वाची आहे. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि दशक मागून. बावीस म्हणताना आधी दोन ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन दशक आधी. त्यावर ‘एकोण’ची भानगड. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत नवाने संपणारी प्रत्येक संख्या पुढच्या दशकाचे नाव घेऊन येते. कानाला पन्नास ऐकू येते आणि वहीत लिहायचे ४९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत सुचवली गेली, तेव्हा केवढा वाद झाला हे वाचकांना आठवत असेल. तो विधिमंडळापर्यंत पोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचा मुद्दा मुलांची ही अडचणच होता. त्या वादात मी येथे शिरत नाही. पण नावे जुनीच ठेवायची असतील, तर ती पुन्हापुन्हा योग्य जागेवर बोट ठेवून उच्चारली जाण्याची संधी मुलाला मिळाली पाहिजे. सापशिडी ती फुकट देते, आपण खेळण्याची पद्धत बदलली तर.

मी वर्गाच्या फरशीवर खडूने पट आखला. बाजारातल्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उलट, अशी वळणे घेत आकडे जातात. मी प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू केली, म्हणजे ८, १८, २८, ३८ एकाखाली एक येतात. नियम दोनच केले. सोंगटी नेताना घराचा आकडा म्हणायचा. आणि फासा टाकण्याआधी सांगायचे की शिडीला पोचायला किती दान हवे.

वहीपर्यंतचा पूल

त्या मुलीची सोंगटी एकदा ३८ वर होती आणि शिडी ४३ वर. ‘किती हवेत?’ मी विचारले. ‘पाच, बाई. दोन इथपर्यंत, मग खाली तीन.’ ओळ चाळीसला संपते, हे तिला दिसत होते. मला आनंद झाला. लगेच वहीत लिहायला सांगितले: ४३ वजा ३८. तिने एकाखाली एक मांडून लिहिले, १५.

हे पाहून मी चक्रावले, पण ही गोष्ट संशोधकांना ठाऊक आहे. दिल्लीतल्या बालवाड्यांत मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी संख्या आणि आकारांचे खेळ घेतले. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. खेळांनी मुलांची कमी-जास्तीची, आकारांची जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या लेखी गणितात या मुलांना त्याचा फायदा दिसला नाही. खेळातली समज आपोआप चिन्हांत उतरत नाही. पूल कोणीतरी बांधावा लागतो आणि ते काम शिक्षकाचे आहे.

मी तिला विचारले, ‘३८ वरून शिडीला जायला पंधराचे दान लागेल?’ तिने वहीकडे पाहिले, मग फरशीकडे. खोडरबर घेतले. तेव्हापासून प्रत्येक डावानंतरची दहा मिनिटे आम्ही वहीसाठी ठेवतो. डावात घडलेली तीन उदाहरणे मुले स्वतः लिहितात आणि उत्तर पटावर चालून पडताळतात. हातच्याची रीत त्यांना मी त्यानंतर पुन्हा शिकवली. आता ‘चाळीसमधले एक दशक सुटे का करायचे’ हे सांगताना माझ्याकडे दाखवायला जागा होती.

चांदण्यांची यादी मी बंद केली. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला होता. ज्यांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, ती मुले नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. जे आवडीने होते, त्याचे काम झाले. माझ्या वर्गात यादी गेल्यावर पहिला आठवडा कुरकुर झाली. नंतर कोणी विचारले नाही.

टॅब मी कपाटात बंद केलेले नाहीत. आता पर्याय देणाऱ्या खेळाऐवजी उत्तर लिहायला लावणारा खेळ घेते, दोघांत एक टॅब देते आणि कोण कोठे अडले ते पाहून दुसऱ्या दिवशीचे गट करते. गलका पूर्वीपेक्षा कमी आहे. पाहुणे आले तर त्यांना वर्ग थोडा निरस वाटेल. कोणतेही नवे साधन आले की आधी ते मी स्वतः डोळे मिटल्यासारखे, उदाहरण न वाचता खेळून पाहते. न वाचता जिंकता आले, तर ते मुलांना देत नाही.

त्या मुलीच्या वहीत अजून चुका असतात. परवा तिने ६१ वजा ५९ चे उत्तर १८ लिहिले होते. मी काही म्हणायच्या आत ती उठली, फरशीवरच्या एकोणसाठवर जाऊन उभी राहिली, दोन पावले चालली आणि परत येऊन खोडले.