रानकोंबडा आणि आपली गावठी

विजयदुर्गच्या आसपास काजूच्या बागेत पहाटे तुटक, घोगरं आरवतो तो राखाडी रानकोंबडा. गावठीसारखी लांब बांग तो देत नाही. ही जात फक्त भारतातली, सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणारी. त्याचा भाऊबंद लाल रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्याशी, मध्य आणि पूर्व भारतात असतो. आपल्या रानात नाही.

लाल नर म्हणजे थेट आपला गावठी कोंबडाच: सोनेरी मान, तांबडी पाठ. राखाडी नराच्या मानेवर मेणाचे थेंब सांडावेत तसे पिवळट ठिपके. परदेशात मासे धरायच्या गळाला बांधायला ही पिसं लागायची, म्हणून तो फार मारला गेला. राखाडी मादीच्या छातीवर पांढऱ्या पिसांना काळी किनार असते. लाल जातीची मादी नुसती तपकिरी.

आपली कोंबडी मूळची लाल जातीची. मग तिचे पाय पिवळे कुठून आले? 2008 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचा गुण राखाडीकडूनच आलाय. म्हणजे परड्यातल्या कोंबडीत थोडी आपल्या रानातलीही आहे!

आता कामाचं. ही मादी उन्हाळ्यात जमिनीवरच, झुडपाच्या बुडाशी पाचोळ्यात अंडी घालते आणि तीनेक आठवडे एकटी उबवते. नेमकी तेव्हाच आपली भाजावळ आणि काजूखालची साफसफाई. काडी लावण्याआधी कोयतीने झुडूप हलवून बघा. मादी फडफडून उठली तर तेवढा तुकडा सोडा. अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फासा लावणं जसा गुन्हा, तसं अंडी उचलणंही.